गणिताचं गाऱ्हाणं

रायगडच्या किनाऱ्यावर लोक समुद्र बघायला, मासे खायला आणि फोटो काढून घ्यायला जातात. मी भांडायला गेले होते. समुद्र बघितला, मासेही खाल्ले, त्याबद्दल सांगेनच. पण बार्शीहून निघताना माझ्या डोक्यात समुद्र नव्हता, एक क्लासवाले सर होते. त्यांना मी तोवर पाहिलेलंही नव्हतं. तरी पुण्यापर्यंतच्या प्रवासात मनातल्या मनात त्यांच्याशी कडाक्याचं भांडून झालं होतं आणि दर वेळी मीच जिंकले होते.

कारण सांगते. मी जन्मभर बार्शीच्या एका शाळेत गणित शिकवलं. माझी धाकटी बहीण शोभा लग्न होऊन श्रीवर्धन तालुक्यातल्या एका खेड्यात गेली. तिची मुलगी सायली दहावीत आहे आणि श्रीवर्धनच्या ‘वैदिक गणित’ क्लासात सगळ्यांत हुशार समजली जाते. जानेवारीत शोभाचा फोन आला. सायलीनं सरांचा अपमान केलाय, माफी माग म्हटलं तर ऐकत नाही, तू येऊन समजाव, ती तुझ्याच वळणावर गेलीय. काय अपमान केला ते विचारलं. तर म्हणे, पालकांसमोर क्लासाचं प्रात्यक्षिक चाललं होतं, तेव्हा ही मधेच उभी राहिली आणि म्हणाली, सर, हे वेदात कुठं आहे?

मी फोन ठेवला आणि पिशवी भरायला घेतली. समजावायला येत नाहीये, एवढं फक्त शोभाला सांगितलं नाही.

माणगाव

ताम्हिणी घाट उतरून माणगावात आले तर शोभाचा नवरा दत्ताराम स्टँडवर उभा होता. माणगावजवळच्या एका कंपनीत तो कंत्राटी कामाला आहे. पाळी संपवून तसाच आला होता. माझ्या हातातली पिशवी त्यानं न बोलता घेतली आणि मला हायवेवरच्या हॉटेलात नेलं. पुढची गाडी यायला वेळ होता. चहा आला. आमच्याकडे चहा म्हणजे साखरेचा पाक असतो, इथला त्याहून गोड निघाला, त्यामुळे तेवढ्यापुरतं घरी असल्यासारखं वाटलं.

दत्ताराम मुळात कमी बोलणारा. त्यानं खाली बघत सगळं सांगितलं. सरांच्या क्लासातून राज्याच्या स्पर्धेला मुलं जाणार आहेत. तिथं जी मुलं निवडली जातील त्यांना पनवेलच्या एका कॉलेजात अकरावी-बारावी सायन्स फुकट, राहणं-जेवणंसुद्धा. सायली निवडली जाणार याबद्दल सरांनाही शंका नव्हती. आता सर म्हणतात, सगळ्यांदेखत माफी मागितल्याशिवाय नाव पाठवणार नाही.

‘ताई, येक शब्द हाय. सॉरी. तेवढा बोलली का पोरीचं सुटंल,’ तो म्हणाला.

मला त्याच्यावर रागवायचं होतं. पण कंपनीच्या शर्टावरचा ग्रीसचा डाग लपवायला त्यानं बाही दुमडली होती, ती दिसली आणि मी फक्त विचारलं, ‘तिनं विचारल्यावर सर काय म्हणाले?’

‘काय न्हाय. रागावले,’ दत्ताराम म्हणाला आणि चहाचे पैसे द्यायला उठला.

गाव

शोभाचं सासर किनाऱ्यापासून आत, डोंगराच्या कुशीत आहे. जानेवारीत भाताची खाचरं रिकामी असतात आणि त्यांत वाल, पावटा पेरलेला असतो. आमच्याकडे याच दिवसांत काळ्या रानात ज्वारी उभी असते, नजर जाईल तिकडे सपाट. इथं चार पावलं सरळ जमीन दिसली तरी लोक ‘माळ’ म्हणतात. रात्रीच्या जेवणात शोभानं तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि जवळ्याची, म्हणजे सुकवलेल्या इवल्याशा कोळंबीची, चटणी केली होती. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली माझी बहीण तांदळाची भाकरी एवढी पातळ आणि पांढरीशुभ्र थापते, हे बघून मला उगाच परकं वाटलं. चटणी मात्र तिसऱ्यांदा मागून घेतली.

जेवण झाल्यावर सायलीला घेऊन ओटीवर बसले. काळीसावळी, किरकोळ अंगाची, डोळे मोठे. मी म्हटलं, काय विचारलंस ते मला दाखव. तिनं जुनं कॅलेंडर आणलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली.

ज्यांनी हा क्लास पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं गणित सांगते, घाबरू नका. सत्त्याण्णव गुणिले शहाण्णव करायचंय. सत्त्याण्णव शंभराला तीननं कमी, शहाण्णव चारनं. सत्त्याण्णवातून चार काढा, त्र्याण्णव. तीन चोक बारा. दोन्ही शेजारी ठेवा: ९३१२. उत्तर बरोबर आहे. बघणाऱ्याला जादू वाटते, आणि खरं सांगायचं तर मला आजही आवडते. मी माझ्या वर्गात हे कितीदा तरी शिकवलंय. बँकेच्या, पोलीस भरतीच्या परीक्षेत घड्याळ समोर असतं तेव्हा अशी युक्ती उपयोगी पडते, मुलांची आकड्यांची भीती जाते, आणि तेवढ्यासाठी तिला मान द्यायलाच हवा.

सायलीनं काय केलं होतं, तर सत्त्याण्णवच्या जागी शंभर वजा क लिहिलं, शहाण्णवच्या जागी शंभर वजा ख, आणि दोन्ही कंस गुणून टाकले. नववीच्या पुस्तकातलं बीजगणित. युक्ती का चालते ते पूर्ण उघडं पडलं. कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच सुचलं होतं. माझ्या अख्ख्या नोकरीत आपणहून असं ‘का’ शोधणारी मुलं मला बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

‘हे आमच्याच पुस्तकातलं हाय ना मावशी? मग सर म्हनतात वेदातलं हाय. मला वाटलं, वेदातबी असं कंस सोडवून दाखवलं असंल. ते बघायचं व्हतं,’ ती म्हणाली.

तिचा अपमान करायचा इरादा नव्हताच. तिला खरोखर बघायचं होतं. सर काय म्हणाले, हे मी तिलाही विचारलं. तिनं आत, बाप बसला होता तिकडे पाहिलं आणि कॅलेंडरची गुंडाळी करायला लागली.

दिवेआगर

दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनला जायचं होतं. शोभा म्हणाली, आधी समुद्र बघ, डोकं थंड होईल. म्हणून दिवेआगरच्या रस्त्यानं गेलो. समुद्रानं डोकं थंड झालं नाही, पण पाय झाले. ओल्या वाळूत चप्पल रुतली आणि पट्टा तुटला. बाकीचा दिवस मी शोभाच्या मैत्रिणीची, दोन बोटं मोठी चप्पल फटफट वाजवत फिरले.

या मैत्रिणीची नारळ-सुपारीची वाडी आहे. काही वर्षांपूर्वीच्या वादळात निम्मी झाडं आडवी झाली होती. नंतर लावलेल्या पोफळी आता माणसाच्या उंचीच्या वर गेल्यात, पण सुपारी धरायला अजून वेळ आहे. उरलेल्या जुन्या झाडांचं पीक अंगणभर वाळत पडलं होतं. तिनं मला ओली सुपारी फोडून दिली. आमच्याकडे सुपारी म्हणजे दुकानातली वाळकी, दाताखाली कटकट वाजणारी. ही मऊ, किंचित तुरट. मला आवडली, म्हणून आणखी घेतली. शोभा नको नको म्हणत होती. पण मी तेव्हा सगळ्यांवरच चिडलेली होते, तिचं कुठं ऐकतेय.

श्रीवर्धन

क्लास एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. जिन्याच्या तोंडाशी भलामोठा फलक: एका बाजूला दाढीवाले ऋषी, दुसऱ्या बाजूला उडतं रॉकेट, मधे लॅपटॉप, आणि खाली ‘पाच हजार वर्षांपूर्वीचं ज्ञान, आता आपल्या श्रीवर्धनमध्ये’. तो वाचता वाचता माझ्या कानांतून वाफा निघायला लागल्या. रागानं असेल असं वाटलं. मग घाम फुटला, जिना गोल फिरायला लागला आणि मी दुसऱ्या पायरीवर मटकन बसले. सुपारी लागली होती.

ज्या माणसाशी भांडायला मी अर्धा महाराष्ट्र ओलांडून आले त्याच माणसानं मला हाताला धरून वर नेलं, पंखा लावला, लिंबूसरबत पाजलं. तरुण माणूस, इस्त्रीचा कुडता, बोलणं मृदू. मॅडम, आता बरं वाटतंय का, असं सारखं विचारत होता. माझी इतकी चिडचिड झाली की सरबत तोंडावर ओतावंसं वाटत होतं आणि पिणंही भाग होतं.

बरं वाटेपर्यंत मी मागे बसून तास पाहिला. त्याला शिकवता येतं, हे कबूल करते. मुलं खुशीत होती, उत्तरं गोळीसारखी सुटत होती. फक्त फळ्यावर येणारी प्रत्येक संख्या शंभराच्या नाहीतर हजाराच्या दाराशी उभी असायची. अठ्ठ्याण्णव, एकशेतीन, नऊशे पंच्याण्णव. शेवटी मला राहवेना. मी म्हटलं, अडतीस गुणिले सदुसष्ट घ्या. मुलं सरांकडे बघायला लागली. सरांनी हसत हसत तिरकस गुणाकाराची रीत काढली आणि २५४६ लिहून दिलं. तेही बरोबर होतं. पण ती रीत म्हणजे आपला शाळेतला गुणाकारच, फक्त चार ओळींचा एका ओळीत निजवलेला. मुलांना तसं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

तास संपल्यावर मी त्यांना विचारलं, तुम्हाला स्वतःला माहीत आहे का हे कुठून आलं? त्यांना माहीत होतं. म्हणूनच माझा पारा चढला. अज्ञानावर मी चिडत नाही, जन्मभर तेच दूर करायची नोकरी केली. पण या माणसाला सगळं ठाऊक होतं. गेल्या शतकात एका विद्वान मठाधिपतींनी ही सूत्रं सांगितली, त्यांचं पुस्तक त्यांच्यामागून छापलं गेलं, ती वेदांच्या एका परिशिष्टातली आहेत असं त्यात म्हटलंय. मात्र ते परिशिष्ट शोधणाऱ्या कुणालाच ती आजवर सापडली नाहीत. सूत्रांची संस्कृत भाषा वेदांइतकी जुनी नाही, आणि त्यांत दशांश अपूर्णांकांचे हिशेब आहेत, जे वेदकाळात कुणी करतच नव्हतं. मठाधिपतींचं डोकं गणितात विलक्षण होतं. मी म्हणते, त्यांच्या नावानंच शिकवा की. एका माणसाच्या बुद्धीचं श्रेय त्याला न देता पाच हजार वर्षांवर ढकलायचं, हा कुठला आदर?

वेदकाळात गणित नव्हतं असं माझं म्हणणं नाही. यज्ञाच्या वेदी दोरीनं आखून बांधायचे, चौकोनाएवढ्याच क्षेत्रफळाचं वर्तुळ कसं काढायचं याचे नियम होते, मोठमोठ्या संख्यांना नावं होती. त्यानंतरच्या शतकांत आपल्याकडे असे गणिती झाले की त्यांचं काम समजायला मला आजही पेन घेऊन बसावं लागतं. त्यांनी ग्रंथाखाली नाव घातलं, एकमेकांच्या चुका काढल्या, भांडले. त्यांतलं एकही नाव या फलकावर नव्हतं.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मॅडम, नुसतं झटपट गुणाकार लिहिलं तर कोण येईल? वेद म्हटलं की पालक हात जोडून येतात.’

मी म्हटलं, मग एका मुलीनं हात न जोडता विचारलं तर तिचा गुन्हा काय? ते म्हणाले, विचारण्याची एक रीत असते. सायली हुशार आहे, तिच्याविरुद्ध माझ्या मनात काही नाही, उद्या तात्यांनी ठरवल्याप्रमाणे देवळात झालं की विषय संपला. देवळात काय व्हायचंय, मी विचारलं. शोभा माझ्याकडे न बघता पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

पोपटी

तात्या म्हणजे दत्तारामचे चुलते. गावचे मानकरी. ताठ कण्याचे, पांढऱ्या मिशांचे, आणि आपलं म्हणणं हेच शेवटचं असं मानणारे. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या पाहुणचारासाठी शेतात पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, कोंबडीचे तुकडे, वर ओवा-मीठ. भांबुर्ड्याच्या पाल्यानं तोंड बंद करायचं, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. आमच्या हुरड्याची ही कोकणी बहीण. हुरड्याला मात्र आम्ही येईल त्याला हाक मारतो, रानात जत्रा भरते. इथं सगळे गोल करून मडक्याकडे बघत गप्प बसतात. मडकं उघडल्यावर जो वास सुटला, त्यानं माझा राग जरा वेळ खरंच विसरला गेला.

तो परत आणायचं काम तात्यांनी केलं. सर सगळ्या पालकांसमोर माफी मागायला लावत होते, ते तात्यांना मान्य नव्हतं. आमच्या घरची पोर चारचौघांत मान खाली घालून उभी राहणार नाही, असं त्यांनी ठणकावलं होतं. मला बरं वाटतंय तोवर पुढचं आलं. त्याऐवजी गावदेवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, सरांनीही तिथं यायचं. इथली रीत अशी: जाणता माणूस सगळ्यांच्या वतीनं देवाला मोठ्यानं सांगतो, काय घडलं, काय हवं. प्रत्येक वाक्याला बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. एकदा म्हटलं की ते सगळ्यांवर बंधन, पुन्हा कुणी विषय काढायचा नाही.

मी विचारलं, पण तात्या, पोरीचं चुकलं काय? ते म्हणाले, ‘गुरूला चारचौघांत इचारत न्हाईत. आनि वेदाला तर न्हाईच. आपलं सगळं आधीच लिवलेलं हाय, बाई. इमानंसुद्धा.’

मी तोंडातली शेंग तशीच धरून त्यांना वेदी, दोऱ्या, परिशिष्ट सगळं सांगायला लागले. त्यांनी माझ्या पानात आणखी एक अंडं ठेवलं. बाईमाणसाचं बोलणं थांबवायची ही जुनी युक्ती आमच्याकडेही आहे. सायली शेकोटीच्या पलीकडे बसली होती. तिनं मला डोळ्यांनी विचारलं, मी म्हणू का सॉरी? मी मान हलवून नाही म्हटलं. मग दत्तारामकडे नजर गेली आणि मनात आलं, पनवेलची दोन वर्षं हिला माझ्या पेन्शनीतून देणं मला जमणार आहे का? जमणार नव्हतं. ज्याच्या खिशाला झळ नाही त्यानं दुसऱ्याच्या लेकरानं ताठ राहावं म्हणणं फार सोपं असतं, आणि हे कळत असूनही माझं उत्तर बदलेना. मी त्या रात्री सरांवर, तात्यांवर, शोभावर आणि त्या कॉलेजावर, सगळ्यांवर चिडून झोपले.

देऊळ

सकाळी देवळात पंधरा-वीस माणसं होती. क्लासातल्या मुलांचे पालक, शेजारपाजारचे, सर. सरांनी आज झब्ब्यावर उपरणं घेतलं होतं. मी एक भाषण तयार ठेवलं होतं. गाऱ्हाणं संपलं की उठायचं आणि बोलायचं, मग कुणी काही म्हणो.

तात्यांनी नारळ ठेवला, हात जोडले. ‘हे गावदेवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी आलीत.’ व्हय म्हाराजा. ‘दत्तारामाची पोर सायली, हिच्याकडून गुरूच्या बाबतीत वावगं झालं.’ व्हय म्हाराजा. सायली मान खाली घालून उभी होती.

मग तात्या थांबले. वळून दत्तारामला म्हणाले, काय बोलली ती पोर, शब्दाला शब्द सांग. दत्ताराम नारळाकडे बघत राहिला. सर म्हणाले, जाऊ द्या तात्या, शब्दांचा प्रश्न नाही, भावनेचा आहे. तात्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांना सायलीची दया आली होती असं मला मुळीच वाटत नाही. त्यांच्या कामात कुणी घाई केलेली त्यांना खपत नव्हती, एवढंच. इतकी वर्षं गाऱ्हाणी घातली, त्यांतलं एकही अर्धवट घातलं नव्हतं. दोन्ही बाजू सांगितल्याशिवाय देव ऐकत नाही, असं ते म्हणाले आणि सायलीकडे वळले.

‘तू सांग. काय म्हनलीस?’

‘मी इचारलं, हे वेदात कुठं हाय. मला वाचायचंय.’

‘मंग सर काय म्हनले?’

सायलीनं बापाकडे पाहिलं. दत्ताराम जमिनीकडे बघत होता.

‘म्हनले, तुमच्यात कुनी वेद वाचलाय का कधी? तू गुणाकार कर.’

मी माझं भाषण विसरले. मला इतका वेळ वाटत होतं की हे भांडण खऱ्या-खोट्या इतिहासाचं आहे. क्लासाची फी घेताना वेद सगळ्यांचा होता. फलकावर तो ‘आपल्या’ श्रीवर्धनचा होता. एका कंत्राटी कामगाराच्या पोरीनं तो वाचायला मागितला, तेव्हा त्याला एकदम मालक निघाला. आणि त्यातली खरी लबाडी बघा, जे तिला नाकारलं ते त्यांच्याकडेही नव्हतं.

सर घाईनं म्हणाले, माझा तसा अर्थ नव्हता. त्या देवळात जमलेल्यांपैकी बहुतेक सगळे त्या ‘तुमच्यात’मध्ये येत होते, तात्याही. विमानंसुद्धा आपल्याच वेदात आहेत असं मानणाऱ्या त्या म्हाताऱ्यानं देवापुढचा नारळ पुन्हा सरळ करून ठेवला. मानेवरची शीर तटतटली होती. मग ते देवाकडे वळले, आणि त्यांचा आवाज पहिल्यासारखाच सरळ, मोठा लागला.

‘हे म्हाराजा, ह्या पोरीनं इचारलं, वेदात कुठं हाय, मला वाचायचंय.’

व्हय म्हाराजा.

‘गुरूनं इचारलं, तुमच्यात कुनी वाचलाय का.’

या वेळी आवाज कमी आले.

‘तर म्हाराजा, हिला हिचं उत्तर मिळू दे. आनि उत्तर मिळत न्हाय तवर हिच्याकडून कुनी माफी मागून घ्यायची न्हाय.’

व्हय म्हाराजा, सगळे म्हणाले, त्यांत एक आवाज सगळ्यांच्या वर गेला. सरही म्हणाले, हात जोडून, डोळे मिटून, सगळ्यांबरोबर सवयीनं. म्हणून झाल्यावर त्यांचे डोळे उघडले. तोवर तात्यांनी नारळ फोडला होता.

बाहेर चपला घालताना सरांनी शोभाला हळूच सांगितलं की नावं पाठवायची मुदत जवळ आलीय आणि आता सायलीचं जमवणं अवघड आहे. आवाज तसाच मृदू. मी त्यांना दोन शब्द ऐकवले, ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. त्यांनी ते ऐकून घेतले, मॅडम, तब्येतीला जपा म्हणाले आणि मोटारसायकलवर बसून निघून गेले. तात्यांनी मला खोबऱ्याचा तुकडा दिला आणि म्हणाले, वेदात इमानं हायत हे मात्र खरं हाय. मी या वेळी वाद घातला नाही.

पुन्हा माणगाव

परतीच्या दिवशी दत्ताराम मला सोडायला माणगावपर्यंत आला. पुण्याची गाडी लागायची होती. सायलीला मी माझ्याजवळची जुनी बीजगणिताची पुस्तकं पाठवणार होते, वेदींच्या दोऱ्यांचंही काहीतरी मराठीत शोधणार होते. हे सगळं मी त्याला सांगत होते, पण माझं मलाच ते फार तोकडं वाटत होतं. पनवेलची दोन वर्षं पुस्तकांनी भरून निघत नाहीत.

तो मधेच म्हणाला, ‘ताई, सर जे बोलले ते मला म्हायती व्हतं. पोरीनं त्याच दिवशी सांगितलं व्हतं. मीच म्हनलो, मावशीला सांगू नको.’

मला इतका संताप आला की आवाज चढला. शेजारची बाई वळून बघायला लागली. माहीत असताना तू तिला माफी मागायला उभं करणार होतास, असं मी त्याला म्हटलं.

‘व्हय,’ तो म्हणाला. ‘तुम्ही भांडला असता, मंग शीट गेली असती. मी कंपनीत रोज ऐकून घेतो. म्हनलं, तिनं येकदाच ऐकून घ्यावं, मंग पुन्यांदा ऐकायची पाळी येनार न्हाय.’

‘आणि सीट तर गेलीच.’

‘गेली.’ गाडी लागली होती. त्यानं माझी पिशवी आत ठेवली, खाली उतरला आणि खिडकीशी येऊन उभा राहिला. ‘पन ताई, तात्या शेवटचं बोलले ना, माफी मागून घ्यायची न्हाय म्हनून. तवा व्हय म्हनलो मी. सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हनलो.’

तो आवाज मी देवळात ऐकला होता. तो कुणाचा, हे वळून बघायचं मला सुचलं नव्हतं.